खुलासा: स्पॉन्सरशिप विकत मिळत नाही

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'बारा लाख भरा, यूकेचं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट घ्या, केअर वर्करची नोकरी पक्की.' हे खोटं आहे. कृपया कुणी पैसे देऊ नका.

केअर वर्करची, म्हणजे वृद्ध-आजारी लोकांची देखभाल करणाऱ्यांची, परदेशातून नवी भरती ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून बंद केली. स्किल्ड वर्कर (कुशल कामगार) व्हिसासाठीही आता बहुतेक वेळा पदवीच्या पातळीचं काम आणि वर्षाला किमान ४१,७०० पौंड पगार लागतो.

'सर्टिफिकेट' हा शब्दच फसवतो. तो हातात धरायचा कागद नव्हे. परदेशी कामगार घ्यायचा परवाना असलेली कंपनी ब्रिटनच्या गृहखात्याच्या यंत्रणेत ऑनलाइन नोंद करते आणि तिचा क्रमांक उमेदवाराला कळवते. अलकापुरीतला एजंट ही नोंद करूच शकत नाही. शिवाय ३१ डिसेंबर २०२४ पासून या नोंदीचा खर्च स्किल्ड वर्करकडून वसूल करायला कंपनीलाही मनाई आहे. व्हिसाची फी आणि आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची रक्कम) मात्र उमेदवाराला भरावा लागू शकतो. हे पैसे थेट ब्रिटन सरकारला जातात.

परवानाधारक कंपन्यांची यादी ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. पण तेवढ्यावर विसंबू नका, खऱ्या कंपनीच्या नावानं खोटं ऑफर लेटर बनवणं फार सोपं आहे. कंपनीला स्वतः विचारा. आपल्याकडचा भरती एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, तेही तपासा. त्याला कायद्यानं ३०,००० रुपये आणि जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं.

कुणी आधीच पैसे ऑनलाइन पाठवले असतील तर लाजू नका, आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.