दिवाणजी, मेन स्विच आणि बॅकअप

३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या डेटाची जादा प्रत काढून ठेवायची आठवण करून देणारा दिवस, असतो हे मला कळलं तेव्हा पहिला विचार हाच आला की ज्यानं कुणी हा दिवस ठरवला त्यानं आपल्याकडचं दुकान मार्च एन्डला आतून कधी बघितलेलं नाही. त्या दिवशी आमच्या दुकानात काका आणि दिवाणजी एकमेकांशी फक्त आकड्यांत बोलतात, सीएच्या ऑफिसातून सारखे फोन, टेबलावर चहा गार होऊन साय धरलेली, आणि अशात कुणी जाऊन म्हणायचं, आज बॅकअप दिन आहे बरं का, शुभेच्छा. वजनकाटा फेकून मारतील.

आमचं सांगलीत गणपती पेठेत घाऊक किराणा-भुसाराचं दुकान. गणपती पेठ म्हटल्यावर सांगलीकराला पुढचं सांगावं लागत नाही. पावसाळ्यात इथं माणसं तब्येत विचारायच्या आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झालं ते विचारतात, ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ. २००५ च्या पुराची रेघ काकांनी भिंतीवर लाल ऑइलपेंटनं मारून ठेवली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तसा काकांनी कॉम्प्युटर उचलून त्या रेघेच्या हातभर वरच्या फळीवर ठेवला आणि निर्धास्त घरी आले, कारण २००५ पेक्षा मोठा पूर येणार कुठनं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. रेघ बुडाली, फळी बुडाली, फळीवरचं बुडालं.

मग काय, वह्या गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत, शाई पसरून सगळे आकडे निळ्या ढगासारखे झालेले, हार्डडिस्कमध्ये कृष्णेचा गाळ. पुढं कित्येक महिने आमची उधारी तोंडी चालली. ज्यांना आम्ही देणं लागत होतो त्यांना आकडा पैशापर्यंत पाठ होता. ज्यांच्याकडून येणं होतं त्यांच्याही वह्या नेमक्या पुरात गेल्या, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांच्यासुद्धा.

तेव्हापासून दिवाणजींनी बॅकअप मनावर घेतला. रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर कॉपी, प्रत्येक पेनड्राइव्हला चिकटपट्टी लावून वर वार लिहिलेला, सगळे तिजोरीत. लक्ष्मीपूजनाला चोपडीशेजारी पेनड्राइव्हची रांग, त्यांनाही हळदकुंकू. शनिवारच्या तोंडात कुंकू गेलं आणि तो कायमचा गेला, तर दिवाणजींनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खर्चानं नवा शनिवार आणला. इतका प्रामाणिक माणूस.

मी पुण्यात नोकरी करतो. ऑफिसात माझं काम एक्सेलपुरतं आहे, पण घरच्यांच्या मते जो कॉम्प्युटरपुढं बसतो त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं, त्यामुळं प्रिंटर रुसला तरी फोन मला. असाच एका सुट्टीला दुकानात बसलो होतो, सहज सोमवार लावून बघितला. आत फाइल एकच, २ केबी. मंगळवार, २ केबी. बुधवार तसाच. डेस्कटॉपवर टॅलीचं, म्हणजे आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, जे चित्र असतं ना, ज्यावर डबल क्लिक केलं की टॅली उघडतं, तो नुसता शॉर्टकट. दिवाणजी इतकी वर्षं रोज नेमानं तेवढंच कॉपी करत होते. तिजोरीत दुकानाच्या पाट्या ओळीनं मांडून ठेवल्यासारखं झालं होतं, आत माल शून्य.

दिवाणजी म्हणाले, "पण दादा, कॉपी झालं असं येत होतं की."

खरंच येत होतं. कॉम्प्युटर खोटं बोलला नव्हता.

तर क्लाउड बॅकअप घेऊया, म्हणजे इंटरनेटवरून एखाद्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर प्रत ठेवूया, असं मी म्हटलं आणि काकांनी माझी उलटतपासणी सुरू केली. पिंट्याचं, म्हणजे काकांच्या चिरंजीवाचं म्हणणं, पैसे कशाला, गुगलचं ड्राइव्ह फुकट आहे की, सिंक लावून टाकू. फुकटचे १५ जीबी खरे, पण त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून, २०२१ च्या जूनपासून नवे फोटोही त्यातच मोजतात आणि आता व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा. काकांचं खातं उघडलं तर १५ पैकी १५ भरलेले. गुलाब, सूर्योदय, गुलाबावर सूर्योदय, सुप्रभात. डिलीट करू का विचारलं तर म्हणाले, लोकांनी प्रेमानं पाठवलेलं असतं रे.

शिवाय सिंक, म्हणजे इथली आणि ड्राइव्हवरची फाइल आपोआप सारखी ठेवणं, हा बॅकअप नव्हे हे पटवायला माझा अख्खा रविवार गेला. इथं उडवलं की तिथंही उडतं. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस पडून राहतं आणि मग जातं, आणि आमच्याकडं एखादी गोष्ट गायब झाल्याचं कळतं ते थेट ऑडिटला. मग मी त्यांना रॅन्समवेअरची भीती घातली, २०१७ साली वॉनाक्राय नावाचा प्रकार जगभर पसरला होता, कॉम्प्युटरमधल्या फायली कुलूपबंद करतो आणि उघडायचे पैसे मागतो, आणि सिंक असेल तर त्या कुलूपबंद फायलीच वर जाऊन चांगल्यांच्या जागी बसतात, म्हणून जुन्या आवृत्त्या सांभाळणारा बॅकअप वेगळा लागतो.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पैसे दिले की उघडतात?"

"गॅरंटी नाही."

"पावती देतात?"

"काका, खंडणीची पावती कोण देतं!"

"मग खर्च कशात दाखवायचा?"

मग मुद्द्याचा प्रश्न आला, त्या क्लाउडवाल्या कंपनीकडंच आग लागली तर? इथं खरं तर मी गप्प बसायला हवं होतं, पण २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्सला स्ट्रासबूर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर, म्हणजे गिऱ्हाइकांचा डेटा ठेवायची कॉम्प्युटरांची इमारत, खरोखरच जळलं होतं, आणि काही गिऱ्हाइकांचा बॅकअपही त्याच आवारात असल्यामुळं तोही गेला, हे मी सांगून बसलो. काकांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला! म्हणजे तिथं पण फळी रेघेच्या हातभरच वर, असं म्हणाले. यावर ३-२-१ चा नियम काढला, तीन प्रती, दोन प्रकारच्या जागांवर, त्यातली एक गावाबाहेर. गावाबाहेर हा शब्द मात्र काकांना लगेच पटला, पूर बघितलेला माणूस आहे. शेवटचा धक्का सीए साहेबांनी दिला, की जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात, आणि कृष्णेनं नेली म्हणून सांगायला तिच्याकडनं दाखला आणणार का. ठरलं एकदाचं.

ठरलं म्हणजे त्रास तिथून पुढं सुरू झाला. ओटीपी काकांच्या मोबाइलवर. मी पुण्याहून फोन करतो, काका नंबर सांगा, तर काका म्हणतात, यात लिहिलंय कुणालाही सांगू नका. अहो मीच मागवलाय तो! "तेच तर ते लोक पण म्हणतात." सख्खा पुतण्या, मांडीवर खेळवलेला, आणि मला आजोबांचं आडगावातलं सासर विचारून खात्री करून घेतली, तोवर ओटीपीची मुदत संपली.

नंतर एन्क्रिप्शनची, म्हणजे डेटा कुलूपबंद करून ठेवायची किल्ली. ही लांबलचक किल्ली आपल्याकडंच राहते, हरवली तर कंपनीलाही डेटा उघडता येत नाही, हे मी फार कौतुकानं सांगितलं. काका म्हणाले, मग पैसे कशाचे घेतात? शेवटी दिवाणजींनी ती किल्ली चोपडीच्या पहिल्या पानावर श्री च्या खाली सुवाच्य अक्षरात लिहिली, चोपडी तिजोरीत, आणि ती तिजोरी कुठं, तर गणपती पेठेत! मी हात जोडले, तेव्हा कुठं एक प्रत काकूंच्या माहेरी विट्याला गेली.

आणि पैसे दर महिन्याला. आधी तर "एकदा विकत घेतलं की आपलं" या तत्त्वाशीच भांडण, मग कार्डावर ऑटोपे लावलं तर नियमाप्रमाणं पैसे कापायच्या आदल्या दिवशी मेसेज येतो, आणि तो आला की काकांचा मला फोन, कुणीतरी उद्या आपले पैसे काढणार आहे, आधीच कळवलंय त्यानं.

पहिला अपलोड लावला तर बाकी शंभरेक जीबी दाखवायला लागलं. टॅलीचा अख्खा फोल्डर दोनशे एमबी सुद्धा नाही, मग हे काय? डी ड्राइव्हमध्ये पिंट्याच्या लग्नाचा व्हिडिओ, हळदीपासून पाठवणीपर्यंत, तीन कॅमेऱ्यांतून. दुकानाच्या इंटरनेटला अपलोडचा वेग १० एमबीपीएस, म्हणजे मधे काही न तुटता सलग बावीस तास. मी म्हटलं लग्न वगळू. काकू म्हणाल्या, आधी लग्न चढव, उधारी नंतर. (घरात ज्यांचं चालतं त्यांचंच चढलं.)

बॅकअपची वेळ रात्री अकरा ठेवली, नेट मोकळं, टॅली बंद, फायली कुणी उघडलेल्या नाहीत. सकाळी बघतो, बॅकअप झाला नाही. रोज तेच. कंपनीच्या हेल्पलाइनवरची मुलगी बिचारी मला राउटर बंद करून चालू करायला सांगायची, मी पुण्यात, राउटर सांगलीत. शेवटी कळलं की दिवाणजी रात्री साडेआठला दुकान बंद करताना मेन स्विच पाडतात. शॉर्टसर्किट नको म्हणून, थोरल्या मालकांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या वेळेपासून पाडतात, आणि त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. स्विच चालू ठेवा म्हटलं तर डोळ्यांत पाणी यायची वेळ. मग तह झाला, दुपारी जेवायच्या सुट्टीत दिवाणजींनी टॅली बंद करायचं, त्यांचा डबा होईपर्यंत बॅकअप होतो. दिवाणजी आता घास पण मोजून खातात, बॅकअपच्या आधी डबा संपायला नको म्हणून.

मी मात्र २ केबीनं पोळलेला. नुसत्या हिरव्या टिकलीवर माझा विश्वास नाही. एका सुट्टीला सगळ्यांना बसवलं आणि वेगळ्या फोल्डरमध्ये सगळा डेटा परत उतरवून टॅलीत उघडून दाखवला. काका म्हणाले, २०२२ चं अमक्याचं खातं काढ. समोरच्या गल्लीतले, रोज आमच्याकडं फुकट चहा पिणारे. खातं निघालं, त्यावर बाकी निघाली, ती काका पार विसरलेले आणि त्या गृहस्थांनी काही आठवण करून दिली नव्हती. काका चप्पल घालून तसेच निघाले. परत आले ते अर्धी रक्कम रोख आणि अर्धीचा चेक घेऊन, आणि क्लाउड बॅकअप ही कल्पना मूळची त्यांचीच होती असं त्या दिवसापासून पेठेत सांगतात.

आता रोज दुपारी त्यांना मेल येतो, बॅकअप सक्सेसफुल. त्याचा स्क्रीनशॉट काढून काका तो फॅमिली ग्रुपवर टाकतात, खाली गुलाब आणि हात जोडलेले. खाली धडाधड अभिनंदन, अभिनंदन. मिरजेच्या आत्यानं विचारलं, कोण पास झालं? परवा काकांना परत मेसेज आला की १५ जीबी भरले. मी म्हटलं, काका, आता तरी ते सूर्योदय उडवा. तर म्हणाले, "उडवायचं कशाला, आपल्या दुकानाच्या क्लाउडमध्ये जागा आहे की. दिवाणजींना सांगतो, उद्या जेवताना चढवतील."