‘दारू कमी, धोका कमी’? मॅग्नममध्ये गणित उलटं आहे

गेले पंधरा दिवस विट्यापासून शिराळ्यापर्यंत बंदुकीचा परवाना असलेल्या बहुतेकांच्या मोबाइलवर एक मराठी व्हिडिओ येऊन पडलाय. मलाच तो सहा जणांनी पाठवला. सांगणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं: मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीच्या, रिव्हॉल्व्हरची काडतुसं अमेरिकेत लोक रिकाम्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) दारू आणि गोळी बसवून घरीच भरतात, मग आपण का नाही? पिस्तुलाची पावडर, म्हणजे दारू, कोणतीही चालते. पुस्तकातले आकडे कंपन्यांच्या वकिलांनी घाबरून लिहून घेतलेत. तरी भीती वाटत असेल तर निम्मीच घाला, ‘भाजीत मीठ कमी पडलं म्हणून कोणी मेलंय का?’ प्राइमर (दारू पेटवणारी, पुंगळीच्या बुडातली छोटी टोपी) चपटा झाला नाही म्हणजे प्रेशर ठीक. आणि भरायचा प्रेस हे नुसतं यंत्र, त्याला कसला आलाय परवाना!

अमेरिकेत लोक भरतात, एवढं खरं. माझा चुलतभाऊ टेक्सासात आपल्या गॅरेजमध्ये भरतो आणि मी चार संध्याकाळी शेजारी बसून ते बघितलंय. म्हणून बाकीच्याला उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी ते मीठ. .३५७ आणि .४४ मॅग्नमसाठी तिकडे एच-११० नावाची पावडर खूप वापरतात. ती सावकाश जळणारी, आणि पेट घ्यायला मुद्दाम जड केलेली. आमच्याकडे ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. चुलवाणात ओलं चिपाड घातलं तर नुसता धूर होतो, काहिलीतल्या रसाला उकळी येत नाही. एच-११०ला नीट जळायला दाब लागतो आणि तो दाब पुंगळी जवळजवळ भरलेली असेल, वर गोळी घट्ट आवळलेली असेल आणि खाली मॅग्नम प्राइमर असेल तेव्हाच तयार होतो. निम्मी घातली तर ती कधी पेटते, कधी अर्धवट पेटते. अर्धवट पेटली की गोळी नळीत मध्येच अडकून बसते. आवाज फुसका येतो. नेमबाजाला वाटतं बार हुकला, आणि तो पुन्हा घोडा ओढतो. आता पुढे वाट बंद आहे. नळी फुगते किंवा फाटते, आणि तिच्याजवळ आपलाच हात असतो.

हॉजडन ही पावडर विकणारी कंपनी वर्षानुवर्षं सांगत आली आहे की एच-११० पुस्तकातल्या कमाल आकड्यापेक्षा फार तर तीन टक्के कमी करून सुरुवात करा. इतर बऱ्याच पावडरींना दहा टक्के कमी करून सुरुवात चालते, हिला नाही. विंचेस्टर २९६ नावाने मिळणारी पावडर म्हणजे हीच, डबा वेगळा. वकील घाबरले असते तर त्यांनी ‘जितकी कमी तितकं बरं’ असं लिहिलं असतं. इथे पुस्तक खालूनही कुंपण घालतंय.

हे तीन टक्के म्हणजे किती, तेही सांगतो. पावडर ग्रेनमध्ये मोजतात. आमचं घर गलाईवाल्यांचं, वडील कोइमतूरला सोनं गाळायचे. त्यांच्या भाषेत एक ग्रेन म्हणजे गुंजेच्या अर्ध्याहून किंचित जास्त. एका .३५७च्या पुंगळीत अशी पंधरा-सोळा ग्रेन पावडर असेल तर तीन टक्के म्हणजे अर्धा ग्रेन, पाव गुंज. चमच्याने अंदाजाने घालायचा विषय नाही हा. चुलतभाऊ दर वेळी काम सुरू करण्याआधी तराजू ठरलेल्या वजनाने तपासतो.

‘कोणतीही पावडर चालते’ हे तर सरळ घातक आहे. बुलसाय ही जुनी, झपाट्याने जळणारी पावडर. एच-११०ची जी मात्रा .३५७मध्ये नेहमीची, तेवढीच बुलसाय घातली तर ती कमाल मर्यादेच्या दुपटीच्याही वर जाते. डोळ्यांना दोन्ही करडे दाणेच दिसतात, वासावरून ओळख पटत नाही. म्हणून चुलतभावाच्या टेबलावर एका वेळी एकच डबा असतो, दुसरा कपाटात कुलपात.

झपाट्याच्या पावडरीची आणखी एक गोम आहे. .३८ स्पेशल हे काडतूस १८९८च्या सुमाराचं, काळ्या दारूसाठी बेतलेलं, त्यामुळे पुंगळी ऐसपैस. १९३५ साली आलेलं .३५७ मॅग्नम त्याचंच तीनेक मिलिमीटर लांब भावंड. लांबी वाढवली ती मुख्यतः .३८च्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये चुकून बसू नये म्हणून. .३८ स्पेशलची कमाल दाबमर्यादा १७,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड), .३५७ची ३५,०००. एवढ्या मोठ्या पुंगळीत बुलसायची चिमूट तळाशीच राहते. एकदा भरली की दोनदा, हे वरून सहज कळत नाही. लाइट लावून प्रत्येक पुंगळीत डोकावणं, हाच उपाय. आणि ठासणीच्या बंदुकीची काळी दारू भरणाऱ्यांनी तिचा हिशोब इथे आणूच नये. तिथे मापाने ओततात, इथे वजन. जळण्याची रीतच निराळी.

प्राइमरचं म्हणणं अर्धवट खरं आहे. चपटा प्राइमर दिसला तर थांबायलाच हवं. पण दिसला नाही म्हणजे दाब ठीक, असं होत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये ही खूण अनेकदा फार उशिरा दिसते. पुंगळ्या सिलिंडरच्या घरांतून ओढून काढाव्या लागताहेत असं झालं, तर मर्यादा बहुधा आधीच ओलांडलेली असते.

आता प्रेस. भारतीय हत्यार कायदा, १९५९ यातली ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या वाचा. कलम २ मध्ये काडतुसाचे भाग आणि काडतूस बनवायची यंत्रंही दारूगोळ्यातच धरली आहेत. कलम ५ खाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. पीक संरक्षणासाठी वा स्वसंरक्षणासाठी मिळालेला परवाना बंदूक बाळगायचा असतो, कारखाना काढायचा नव्हे. टेक्सासातल्या गॅरेजमधला छंद तिथल्या कायद्यात बसतो, म्हणून तो तिथे छंद आहे.

व्हिडिओ बघून आमच्या एका पाहुण्यांनी चुलतभावाला परस्पर निरोप धाडला: ‘दिवाळीला येताना बॅगेत एक प्रेस टाकून आण.’ त्याचं उत्तर मी वाचलं. ‘दाजी, तुम्हाला बदाम आणतो.’