शिसं सांडलंय? खराटा आणा!

ठाणे-बेलापूर रस्त्यावर, महापे आणि रबाळ्याच्या मध्ये कुठेतरी, पुढच्या टेम्पोचा फाळका निसटला, चार गोण्या खाली आल्या, त्यातली एक फाटली आणि पांढरेशुभ्र खडे रस्ताभर पसरले, असं समजा. सर्वप्रथम बाईक बाजूला लावा आणि जवळ जा. अमेरिका-कॅनडातल्या अग्निशमनवाल्यांच्या हातपुस्तिकेत लिहिलंय की असा घन माल सांडला तर चारी बाजूंनी किमान २५ मीटर जागा मोकळी करावी आणि वारा आपल्या पाठीशी येईल असं उभं राहावं. त्यांचं ठीक आहे. २५ मीटरवरून व्हिडिओत काय येणार? खडे तरी दिसतील का? तुम्ही चांगले वाकून बघा. साखर आहे की मीठ, यावर तोवर दोन तट पडलेले असतील. एखादा चिमटीत घेऊन बघेल, त्याला अडवू नका. शिशाची काही संयुगं चवीला गोडसर लागतात, त्यामुळे साखरवाल्यांचं पारडं जड होण्याची शक्यता आहे.

टेम्पोवर एक पाटी असते, ती वाचू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार धोकादायक रसायन नेणाऱ्या गाडीवर मालाचं नाव, त्याचा यूएन क्रमांक (धोकादायक माल ओळखायचा जागतिक आकडा) आणि अडचणीत फोन कुणाला करायचा, हे सगळं ठळक लिहावं लागतं. इथे १४६९ असेल, म्हणजे लेड नायट्रेट, शिशाचा एक क्षार. अर्थात पाटीवर चिखल असतो, आणि चिखल नाही तिथे ‘आई एकवीरेची कृपा’ असतं. मालाचे कागद केबिनमध्ये, आणि केबिनची चावी ड्रायव्हरच्या खिशात. ड्रायव्हर कुठे आहे? हे विचारणारे तुम्ही पहिले नाही.

आता मदतीला समोरचा गॅरेजवाला येईल. मनाने चांगला माणूस. रस्त्यावर ऑइल सांडलं की तोच पोतंभर भुसा आणून टाकतो आणि दहा बाईकवाल्यांची हाडं वाचवतो. त्याला म्हणा, टाक. लेड नायट्रेट स्वतः जळत नाही, शेजारच्याला मात्र जोमाने जळायला मदत करतं. म्हणून लाकूड, कागद, तेल यांपासून ते लांब ठेवायचं असतं. भुसा हे लाकूडच. त्यात गॅरेजचं ऑइल आधीपासून मुरलेलं. आता फक्त विडीचं थोटूक कमी आहे आणि गर्दीत त्याचा तुटवडा नसतो.

१०१ किंवा ११२ ला फोन? तो कुणीतरी केलाच असेल.

मग खराटा. कंत्राटी सफाई कामगार असेलच आसपास, त्याला हाक मारा. तोंडाला रुमाल आहे ना, बस झालं. कोरडं झाडलं की बारीक धूळ उडते, आणि शिशाची धूळ श्वासातून थेट रक्तात जाते. म्हणूनच आधी ओलसर करून मगच उचलायचं, नाहीतर बारीक धूळ अडवणारा खास व्हॅक्यूम वापरायचा, असं सांगतात. पण खराट्याचा खर्र खर्र आवाज ऐकला की जमलेल्या लोकांना काम सुरू झाल्यासारखं वाटतं, आणि आपल्याकडे आपत्ती निवारणातलं निम्मं यश हेच असतं.

उरलेलं निम्मं यश टँकरमध्ये. गटाराच्या तोंडाशी वाळूच्या गोण्यांचा बांध, सांडलेल्यावर प्लास्टिक, मग स्वच्छ फावड्याने कोरड्या पिंपात भरायचं आणि तळोज्याच्या धोकादायक कचऱ्याच्या प्रकल्पात पाठवायचं, हा झाला पुस्तकी मार्ग. संध्याकाळी सहाला रस्ता एवढा वेळ अडवलात तर ऐरोलीपर्यंत रांग लागेल आणि रांगेतला प्रत्येक जण तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करेल. त्यापेक्षा पाइप सोडा. लेड नायट्रेट मोठं समजूतदार रसायन आहे. एक लिटर पाण्यात अर्धा किलो सहज विरघळतं. पाच मिनिटांत रस्ता काळा कुळकुळीत, पांढऱ्याचा मागमूस नाही. गेलं गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून ठाणे खाडीत. खाडीची काळजी करू नका, तिला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा मिळाला आहे. एवढ्या मानमरातबाच्या खाडीला चार गोण्यांचं काय! शिसं हे मूलद्रव्य, त्याचं विघटन होत नाही, ते चिखलात बसून राहतं. चिखलात निवट्या असतात, चिंबोऱ्या असतात. त्या कोळीवाड्यातून बाजारात येतात आणि रविवारी तुमच्याकडे. महापालिकेचा पाणीपुरवठा एवढा घरपोच असता तर?

झाडून झालं की कामगाराला गूळ द्या. धुळीच्या कामानंतर गूळ खायचा, ही कारखान्यांतली जुनी रीत. गुळाने घसा मोकळा होतो. रक्तातलं शिसं मोकळं होत नाही. ते हाडांत जाऊन बसतं आणि दशकानुदशकं तिथून हलत नाही. पुढे पोट दुखेल, शौचाला होणार नाही, चिडचिड वाढेल, पण या सगळ्याला ‘ॲसिडिटी’ म्हणायची सोय आहे. शिसं अमुक इतकं असलं तर निर्धोक, अशी कुठलीही पातळी जागतिक आरोग्य संघटनेला माहीत नाही. आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने ज्या रोगांची वर्दी देणं बंधनकारक केलं, त्या यादीत पहिलंच नाव शिशाच्या विषबाधेचं. पण हा माणूस कारखान्यात नव्हता, रस्त्यावर होता. त्याचं रक्त कुणी तपासणार नाही, त्यामुळे अहवालात ‘बाधित : शून्य’ हे अगदी खरं लिहिता येतं.

तो तसाच घरी जाईल आणि त्याच कपड्यांत पोराला उचलून घेईल. लहान मुलांच्या अंगात शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं. हे त्याला सांगायचं काम तुमचं नाही, मुकादमाचं. मुकादम म्हणेल, डॉक्टरचं.

एवढं सगळं निस्तरल्यावर राहिली ती फाटकी गोणी. ती सोडू नका. भक्कम असते, आत प्लास्टिकचं अस्तर असतं, शिवून घेतली की तांदळाला उत्तम. फक्त आधी दोनदा खळखळून धुवा, अंगणातल्या तुळशीपाशी.