कृष्णा, पुरुष, वय बावन्न

माझं नाव कृष्णा. राहणार सांगली, नदी हाकेच्या अंतरावर. तरी फोन उचलला की पलीकडून येतंच, "मॅडम, जरा कृष्णासाहेबांना देता का?" मीच कृष्णा म्हटलं, की घसा खाकरून, "नाही, ज्यांच्या नावावर खातं आहे ते..." ते म्हणजे मीच रे बाबा!

परवा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 12.4. बाईमाणसाला बारा पुरतं, पण रिपोर्टवर छापलेलं 'पुरुष', आणि पुरुषांना म्हणे तेरा लागतं. त्यामुळे आकडा ठळक, शेजारी खाली जाणारा बाण. सासूबाईंनी तो बाण तेवढा पाहिला. तेव्हापासून दोन्ही वेळा बीटाची कोशिंबीर.

नाव ठेवलं आजीनं. ती वाईची. तिथं कृष्णाबाईचा घाटाघाटावर उत्सव होतो, त्यामुळे तिच्या लेखी कृष्णा ही बाईच. त्यात मी जन्मले सावळी, म्हणजे अर्थही आयताच जुळला. द्रौपदीलाही रंगावरूनच कृष्णा म्हणत, असं आजी कौतुकानं सांगायची आणि लगेच "भोग मात्र तिचे नकोत गं बाई" म्हणून कानशिलावर बोटं मोडायची. महाबळेश्वरला कृष्णेबरोबर कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा आणखी चौघींचा उगम मानतात. त्यातली सावित्री काय वाईट होती? गायत्रीला कुणी 'साहेब' म्हटल्याचं ऐकिवात नाही.

व्याकरण तेवढं माझ्या बाजूचं. देव असेल तर 'कृष्णाला', नदी असेल तर 'कृष्णेला'. पण घरात मला 'कृष्णेला' म्हणणारे एकटे चुलत सासरे, मराठीचे निवृत्त मास्तर.

पावसाळ्यात मात्र मी बाई आहे हे सगळ्यांना आठवतं. आयर्विन पुलापाशी 40 फुटांवर इशारा पातळी, 45 वर धोका. कोयनेतून पाणी सोडलं की नात्यातल्या ग्रुपवर सुरू, 'कृष्णा खवळली', 'कृष्णा पात्राबाहेर'. धाकटे दीर तर स्वयंपाकघरात डोकावून विचारतात, "वहिनी, आज किती फूट?"

2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा असले विनोद कुणाला सुचले नाहीत. ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल, आणि त्यात उभे राहून आम्ही पंचनाम्याचा कागद वाचला. कुटुंबप्रमुख : श्री. कृष्णा. पत्नी : सुरेश.

मी दुरुस्तीला निघाले, तर ह्यांनी हात धरला. "थांब गं. आधी पैसे खात्यावर येऊ देत. मग ठरवू कोण कुणाची बायको ते."