थोरातसाहेब 1962 ला लढलेच नव्हते

रविवारी अक्काकडे जेवायला गेलो होतो. भाचा सात रस्त्याच्या अभ्यासिकेतून आला, ताटावर बसला आणि पहिला घास घ्यायच्या आधी मोबाईल माझ्यापुढे धरला. "मामा, हे खरंय का?" लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरातांवरचा तो लांबलचक मेसेज. अक्का लगेच म्हणाली, "बघ की, एवढा मोठा जनरल, शेवटी दोन वेळच्या जेवणाला महाग झाला. आणि याला सैन्यात अधिकारी व्हायची सीडीएस परीक्षा द्यायचीय!" हाच मेसेज मला आधी तीनदा आला होता, मी सोडून दिला होता. आता तो पोराच्या फॉर्मच्या आड आला, म्हणून लिहितोय.

मेसेज म्हणतो: थोरात 1962 च्या युद्धात चीनशी लढले, आठ दिवसांत तिबेटची राजधानी ल्हासा घेणार होते, नेहरूंनी त्यांना मागे खेचून बडतर्फ केलं आणि पुढे ते दारिद्र्यात गेले.

1962 चं आधी उरकतो. थोरात मे 1961 मध्ये निवृत्त झाले. चीनचा हल्ला 20 ऑक्टोबर 1962 चा. तेव्हा लष्कराची पूर्व कमांड होती जनरल एल. पी. सेन यांच्याकडे. जो माणूस गणवेशातच नव्हता त्याला युद्धातून मागे कोण खेचणार? बडतर्फीही झाली नाही.

आता ल्हासा. याचा मला सगळ्यात संताप येतो, कारण थोरातांची खरी हुशारी यात पार उलटी करून टाकली आहे. पूर्व कमांडचे प्रमुख असताना, ऑक्टोबर 1959 मध्ये, त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, संरक्षणाचा आराखडा लिहून दिल्लीला पाठवला. त्यात चढाईचं नावही नव्हतं. सीमेवर फक्त हलकी ठाणी ठेवायची, आणि खरी लढाई मागे बोमडिलाच्या रेषेवर द्यायची. का? तिथवर आपली रसद पोचते, आणि शत्रूची रसद डोंगरांतून लांबत जाऊन तुटायला येते. मार्च 1960 मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा सराव घेऊन त्यांनी हे मांडूनही दाखवलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते उडवून लावलं. ल्हासाची बढाई मारणारा माणूस असा कागद लिहीत नाही. आपलं बळ किती आणि रस्ते कुठवर, हे ज्याला ठाऊक आहे तोच लिहितो.

आणि ही समज त्यांना लढूनच आलेली. जानेवारी 1945, ब्रह्मदेशातलं कांगॉ. एकाच ब्रिगेडमध्ये तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय: तिमय्या, सेन आणि थोरात. जपान्यांकडून टेकडी घेताना थोरातांच्या 2/2 पंजाबचा कस लागला. तिघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळालं. 1953 ला कोरियन युद्ध थांबल्यावर तिथे मायदेशी परतायला नकार देणारे 22 हजारांहून अधिक युद्धकैदी भारतीय तुकडीच्या ताब्यात होते, आणि त्या तुकडीचे प्रमुख थोरात. कैद्यांनी एक भारतीय अधिकारी धरून ठेवला, तेव्हा थोरात नि:शस्त्र त्यांच्या गराड्यात शिरले आणि त्याला सोडवून आणलं. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

दारिद्र्याचं अक्काला सांगितलं ते इथेही सांगतो. ज्या एमपीएससीच्या जाहिरातीकडे भाच्याच्या अभ्यासिकेतली अर्धी पोरं डोळे लावून बसलीत, निवृत्तीनंतर थोरात त्याच आयोगाचे अध्यक्ष होते. चीनयुद्धानंतर राष्ट्रीय संरक्षण परिषदेवरही होते. 'फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट' हे आत्मचरित्र लिहिलं आणि 1992 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षाच्या उंबरठ्यावर गेले. "म्हणजे पेपर काढणाऱ्यांचे साहेब?" अक्कानं विचारलं. हो, तेच.

एक मात्र मान्य करावं लागतं. त्यांना डावललं गेलं ही भावना हवेतून आलेली नाही. तेव्हाचे सरसेनापती तिमय्या यांना आपल्यामागे त्या पदावर थोरात हवे होते, झाले जनरल थापर. पण थापर सेवेत ज्येष्ठ होते, हेही सांगायला हवं. आराखडा दुर्लक्षिला गेला तो मात्र अन्यायच. आत्मचरित्रात थोरात सांगतात, युद्धानंतर नेहरूंनी त्यांना बोलावून विचारलं, हा कागद मला का दाखवला नाही? त्याचं उत्तर मेननच देऊ शकतील, असं थोरात म्हणाले.

अक्कानं माझ्यासमोर मेसेज पुसला. ज्या बाईंनी तो महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला, त्यांनाही हे पाठवायचंय, म्हणून तारखा घालून लिहिलं. भाचा फॉर्म भरतोय.