'स्किझोफ्रेनियाचा पेशंट कधीही हल्ला करतो': मेसेजमधलं खरं किती, खोटं किती

सोलापुरातल्या ग्रुपांवर सध्या हा मेसेज फिरतोय: स्किझोफ्रेनियाचा (भास आणि खोटे संशय येणाऱ्या मानसिक आजाराचा) पेशंट कधीही, कुणावरही हल्ला करतो, त्याला खोली भाड्याने देऊ नका, घरात असेल तर बांधून ठेवा, गोळ्या नुसत्या गुंगीच्या असतात.

धोका थोडा वाढतो, हे खरं. २००९ मध्ये २० अभ्यास एकत्र करून १८ हजारांवर लोकांची माहिती तपासली गेली. व्यसन नसलेल्या रुग्णांत हिंसेचा धोका साधारण दुप्पट निघाला, दारू-ड्रग्जची जोड असलेल्यांत जवळपास नऊपट. पण आजार नसलेल्या व्यसनी माणसांतही तो तेवढाच होता! खुनाचं प्रमाण रुग्णांत ०.३ टक्के, इतरांत ०.०२. म्हणजे हजारातल्या ९९७ रुग्णांनी कुणाचा जीव घेतलेला नाही. हातभट्टीची पिणाऱ्याला खोली मिळते आणि वेळेवर गोळ्या घेणाऱ्याला नाही, हा कुठला न्याय?

'कुणावरही' हे चूक. मार बसतो तो बहुधा घरच्यांना, कारण संशय जवळच्यांवरच असतो. 'कधीही' हेही फारसं खरं नाही. आधी गोळ्या सुटतात, झोप उडते, माणूस ताट हुंगून बाजूला सारतो, खिडक्या लावून पुटपुटत बसतो. एवढं दिसलं की त्याच आठवड्यात सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत न्या. गोळी थुंकत असेल तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा. दोन औषधं नीट घेऊनही उपयोग नसेल तर क्लोझापिन हे औषध असतं. मात्र पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासाव्याच लागतात, कारण त्याने त्या कमी होऊ शकतात.

गुंगी येते काहींना. त्यावर डॉक्टर डोस किंवा वेळ बदलतात. परस्पर बंद केलं की आजार उलटतो.

साखळीने बांधायला मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ९५ नुसार बंदी आहे. शिवाय 'हे माझ्या जिवावर उठलेत' हा संशय त्याने पक्काच होतो.

भडका उडाला तर एकानेच, हळू आवाजात बोलावं. हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर थांबा, दार अडवू नका. विळी, कोयता आधीच उचला, बघ्यांना हटवा. 'तसं काही नाहीये' म्हणून वाद घालू नका. आवरत नसेल तर तातडीच्या मदतीसाठी ११२ लावा. आजाराचं नाव फोनवरच सांगा, औषधांची चिठ्ठी हाताशी ठेवा. नुसता सल्ला हवा असेल तर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, रात्रीही चालू असतं.