सॉफ्टबॉलचं अंगण

परवा आमच्या मैदानावर एका पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, २०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय, आपल्या गोव्याच्या मुलींनी आतापासून तयारीला लागावं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. पण माझी नजर पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या, पट्टीपुढच्या खड्ड्यावर होती. वासराचा पाय अडकेल एवढा खड्डा, आणि त्याच्याशेजारी सतरंजी अंथरून स्टेज.

गेल्या तीन वर्षांत या मैदानाला काय काय मिळालं ते सांगते. दोन बाकडी, एक स्कोअरबोर्ड, शेडवरचे पत्रे आणि एक कमान. सगळ्यांवर देणाऱ्यांची नावं. माती कुणी दिली नाही. पाण्याचा पाईप कुणी दिला नाही. मातीवर नाव रंगवता येत नाही ना!

सॉफ्टबॉल न खेळलेल्यांसाठी एवढंच सांगते. बेसबॉलच्या मोठ्या मैदानात आतल्या चौकोनात हिरवळ असते, आमच्याकडे नसते. पिचरच्या पट्टीपासून साधारण ६० फुटांपर्यंत सगळी उघडी माती. बेस, म्हणजे धावत गाठायचे टप्पे, तेही एकमेकांपासून ६० फुटांवरच, म्हणजे फटका बसला की चेंडू डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर अंगावर. नावात ‘सॉफ्ट’ असलं तरी १२ इंच घेराचा, पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅमचा तो गोळा आहे. आणि डिचोली-सत्तरीकडची आमची माती तुम्हाला माहीत आहेच. जांभ्याची, तांबडी, वाटाण्याएवढ्या खड्यांनी भरलेली. पावसात लोणी, जानेवारीत काँक्रीट. मागच्या हंगामात आमच्या शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या मुलीला, सरळ येणारा चेंडू एका खड्यावर उडून ओठावर बसला. तीन टाके. पोरीचं काही चुकलं नव्हतं. तो खडा सकाळी मी पाहिला होता आणि उचलला नव्हता, हे अजून सलतं.

आता मूळ मुद्दा. हे मैदान राखायला परदेशी यंत्रं लागतात, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. मग एकदा नोव्हेंबरात, तुळशीच्या लग्नाआधी, सासरे, आमचे अण्णा, अंगण करत होते. आमच्या घरी अजून पुढचं अंगण मातीचं आहे. पाऊस गेला की वरची शेवाळ खरवडायची, खळगे भरायचे, चोपायचं, मग शेणाने सारवायचं. मी मैदानावरून वैतागून आले होते, सकाळी भरलेला खड्डा दुपारी पुन्हा उघडा. अण्णांनी विचारलं, “कसा भरलास?”

“माती टाकली, पायाने दाबली.”

“अगो, सुक्या खड्ड्यात सुकी माती घातलीस तर ती पाहुणीच राहते.”

दुसऱ्या दिवशी ते चोपणं घेऊन मैदानावर आले. पंचाहत्तरीचा माणूस, धोतर खोचून पिचरच्या पट्टीपुढे उकिडवा बसला. आधी खराट्याने खड्ड्यातली सगळी भुसभुशीत माती काढली, तळ लागेपर्यंत. मग कुदळीच्या टोकाने तळ ओरखडला. पाणी शिंपडलं, ते मुरेपर्यंत तंबाखू मळली. मग ओलसर चिकण माती, दोन बोटं जाडीचा थर, त्यावर चोपणं. धप्प धप्प, आवाज बदलेपर्यंत. “ऐक, आता टणक बोलते,” म्हणाले. मग दुसरा थर, तिसरा. वरून आमचीच कोरडी माती भुरभुरवली. तो भराव महिनाभर टिकला. पुढे एकदा परदेशातल्या मैदान राखणाऱ्यांचा व्हिडिओ बघितला. तेही हेच करतात, फक्त चोपण्याच्या जागी लोखंडी धुम्मस असतं आणि अंगात कंपनीचा टीशर्ट.

चिकण मातीसाठी कुणीतरी वारुळाचं नाव काढलं होतं. आजूबाजूच्या बायकांनी ती सूचना तिथल्या तिथे मोडून काढली, रोयण, म्हणजे वारूळ, ही सातेरी देवी, तिला हात लावायचा नाही. बरोबरच आहे. डिचोलीत कुंभारकाम आहे, चिकण मातीला आपल्याकडे तोटा नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. सामन्याच्या सकाळी घाईघाईने बादल्या ओतून काही होत नाही, वरचं बोटभर भिजतं आणि खाली दगड. आदल्या संध्याकाळी मनसोक्त भिजवायचं, सकाळी नुसता शिडकावा. मूठभर माती दाबून बघायची: लाडू वळला पाहिजे, पण हाताला चिकटता कामा नये. अवकाळी पाऊस पडून डबकं साचलं तर खराट्याने पाणी ढकलू नका! पाण्याबरोबर बारीक माती जाते आणि पुढच्या पावसात डबकं दुप्पट. वाळूही ओतू नका. गोणपाट टाकून टिपून घ्यायचं. वेळ लागतो. लागू दे.

माती सारखी करायला आमच्याकडे कुंपणाच्या जाळीचा तुकडा आहे, त्यावर अर्धा चिरा बांधलेला, पुढे दोरी. मुली तो ओढतात, गोल गोल, आज आतून बाहेर तर उद्या बाहेरून आत. गवताच्या कडेला पोचायच्या हातभर आधी थांबायचं, ही माझी सक्ती. नाहीतर प्रत्येक वेळी थोडी माती गवतात जाते आणि दोन वर्षांत तिथे बांध तयार होतो. मग चेंडू त्यावर आपटून उडतो, आणि पावसाचं पाणी आतच कोंडतं. आमच्या उजव्या बाजूला असा बांध झालाय. तीन रविवार खणतोय.

फक्कीबद्दल तर हात जोडून सांगते. एका सामन्याला आयोजकांनी रेषांना चुना वापरला, घर रंगवायचा. घामेजलेली मुलगी त्यावरून घसरत बेसला गेली, मांडी भाजल्यासारखी लाल झाली. चुनखडीची साधी पूड मिळते, स्वस्त असते, तीच आणा.

मापं मुलीच घेतात. फलंदाज जिथे उभी राहते त्या होम प्लेटच्या मागच्या टोकापासून दुसऱ्या बेसच्या मध्यापर्यंत ८४ फूट सव्वादहा इंच, मग दोन्हीकडून ६०-६० फुटांच्या टेपा जिथे भेटतात तिथे पहिला आणि तिसरा. आठवीतल्या एकीने विचारलं, हा पायथागोरसच ना? गणिताच्या बाईंना कळवलंय.

बाहेरचं गवत गुरं कापतात, फुकट. खुरांचे खळगे मात्र ती ठेवून जातात.

आणि जत्रेच्या दिवशी तिथे टेम्पो लावणाऱ्यांना मी काही बोलत नाही. देवाचं काम आहे, जागा नाही, कळतं. पण ओल्या मातीतून चाकं गेली की ती रुतण उन्हात वाळून हाडासारखी होते. गवताच्या बाजूला लावा, एवढंच.

कुणी म्हणतं, मैदानासाठी माणूस ठेवा. मला ते पटत नाही. पैशाचा प्रश्न नंतरचा. सामना संपल्यावर पंधरा मिनिटं सगळ्यांनी थांबायचं, पिचरने आपला खड्डा भरायचा, कॅचरने आपला, बाकीच्यांनी जाळी ओढायची. जिंकलेल्यांनी पाणी मारायचं, कारण हरलेल्यांना घरी जायची घाई असते. सुरुवातीला पालक कुरकुरले, “मुली खेळायला पाठवल्या की मातीकामाला?” आता त्यातलेच दोघं खडे वेचायला येतात. शिकागोत १८८७ साली हा खेळ सुरू झाला तो बंद हॉलमध्ये, बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून केलेला चेंडू आणि झाडूचा दांडा घेऊन. झाडू तेव्हापासून सोबत आहे, आम्ही फक्त तो उलटा धरतो.

शनिवारी साडेचारला पाणी मारणार आहे, रविवारी सकाळी सामना. विहिरीपासून दुसऱ्या बेसपर्यंत आमचा पाईप पुरत नाही, वीसेक फूट कमी पडतो. कुणाच्या बागायतीत जादा तुकडा पडला असेल तर आणा. जोडायचा नळा माझ्याकडे आहे.